सोसायटीचं गेट, कॅमेरे, लिफ्ट... सगळं एकाच ॲपवर घ्यावं का? (पर्वरी)

सुकूरचा_सेक्रेटरी · सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

पर्वरीत आमची सोसायटी. तीन इमारती, ७२ फ्लॅट. कायम राहणारी कुटुंबं तीसेक. बाकीचे मुंबई-दिल्लीकडचे, डिसेंबरात आणि मे महिन्यात उगवणारे. त्यातले काही जण फ्लॅट दिवसाच्या भाड्याने लावतात, त्यामुळे दर शुक्रवारी गेटवर नवे चेहरे आणि चाकांच्या बॅगांची खडखड.

गेल्या चवथीला आम्ही सगळे आपापल्या गावी. परत येऊन बघतो तर दोन बंद फ्लॅटांच्या गॅलरीतली एसीची बाहेरची युनिटं तांब्याच्या नळ्यांसकट गायब. कॅमेरे होते, सोळा. त्यातले अकराच चालू होते हा शोध चोरीनंतर लागला.

आता एका कंपनीचा माणूस येऊन गेला. गेटचा दांडा, लॉबीची दारं, लिफ्ट, कॅमेरे, पाहुण्यांची नोंद, पाण्याच्या टाकीची पातळी, आगीचा भोंगा, सगळं एका ॲपवर. चेहरा दाखवला की दार उघडणार. लॅपटॉपवर दाखवलं तेव्हा फारच देखणं वाटलं. आकडा ऐकून सभेत दोघांनी चहाचा कप खाली ठेवला.

माझा प्रश्न पैशाचा नाही (तोही आहे, पण तो सभेत). सगळ्या किल्ल्या एका जुडग्यात घातल्या तर सोय होते खरी, पण जुडगाच हरवला तर? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी अनुभव सांगा. माहितीपत्रकातलं नको, कामाचं सांगा.

बांदोडेकर · ९.१८

वॉचमन रात्री जागा असतो का? तिथून सुरू करू.

सुकूरचा_सेक्रेटरी · ९.२१

असतो. त्याच्या मोबाईलची बॅटरी संपेपर्यंत.

विजेरी · १०.०५

वेर्ण्यात कंट्रोल पॅनेलचं काम करतो, म्हणून चार शब्द.

सेक्रेटरीसाहेब, ॲप राहू दे बाजूला. आधी लॉबीच्या दाराशी जा आणि कार्ड लावायची जी डबी आहे ती नीट बघा. स्वस्तातल्या कामात अख्खी अक्कल त्या बाहेरच्या डबीतच असते. कार्ड ओळखायचं तिनेच, आणि कुलपाची वीज तोडायचीही तिनेच. आतल्या बाजूच्या 'बाहेर जा' बटणाच्या तारासुद्धा तिच्यातच आलेल्या असतात. आमच्या इमारतीत मी अध्यक्षांना बाजूला उभं केलं आणि मागच्या दाराची डबी काढली. चार स्क्रू, त्यातले दोन खाऱ्या हवेने आधीच खाल्लेले. आत मुंग्यांचं वारूळ. बटणाच्या दोन तारा एकमेकींना टेकवल्या, टक् आवाज झाला आणि दार उघडं. अर्धं मिनिटही लागलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "हे कुणाला सांगू नका." म्हणजे उपाय झाला!

बाहेर फक्त वाचक, म्हणजे कार्ड वाचणारं यंत्र, असावा. निर्णय घेणारा कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत. वाचक आणि कंट्रोलर यांच्यामधली तार जुन्या वायगँड पद्धतीची असेल तर तिच्यावरून कार्डाचा नंबर उघडाच धावतो, मध्ये कुणी कान लावला तर सगळं ऐकू येतं. ओएसडीपी म्हणून नवी पद्धत आहे, तिच्यात ते बोलणं कूटबद्ध करता येतं. 'करता येतं' म्हणालो, कारण बसवणारा ते चालू करायला विसरतो.

आणि कार्डं. ती जाड पांढरी १२५ किलोहर्ट्झवाली असतील तर ती कुणीही जवळ आलं की आपला नंबर ओरडून सांगतात, बास. किल्ल्या बनवणारा टपरीवाला कॉपी करून देतो. मायफेअर क्लासिक थोडी बरी समजली जायची, तर २००८ मध्ये नेदरलँड्सच्या रॅडबाउड विद्यापीठातल्या लोकांनी तिचं कुलूप फोडून दाखवलं. आजही नव्या इमारतींत तीच कार्डं बसतात. डेसफायर जातीची कार्डं मागा. कार्डामागे थोडे पैसे जास्त जातात, पण त्या कार्डाला आणि वाचकाला एकमेकांना खरंखोटं ओळखता येतं.

म्हापसेकरीण · १०.४०

तारांचं मला कळत नाही, माणसांचं सांगते.

आमच्याकडे दीड वर्षापूर्वी पाहुण्यांचं ॲप आलं. पहिल्याच सोमवारी पोदेर (पाववाला) गेटवर. वॉचमन विचारतो, कुठल्या फ्लॅटला? तो म्हणतो, सगळ्यांना. ॲपमध्ये 'सगळ्यांना' असा पर्यायच नाही. मग वॉचमनने अंदाजाने ५०२ दाबलं. सकाळचे साडेसहा, ५०२ मधल्या आजोबांचा फोन किणकिणला, त्यांनी झोपेत 'नामंजूर' दाबलं. पोदेर भोंगा वाजवत निघून गेला. त्या दिवशी अख्ख्या इमारतीने चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून वॉचमनने पोदेरासाठी मागचं छोटं फाटक उघडं ठेवायला सुरुवात केली, आणि ते दिवसभर उघडंच राहू लागलं.

दुसरं, बोटाचं यंत्र. आमची कामाची बाई पहाटे मासळी साफ करून येते, मग सहा घरची भांडी. तिच्या बोटांच्या रेषा यंत्राला उमगेचनात. बिचारी पदराला बोट पुसून पुसून दमली. पावसाळ्यात तर आम्हा सगळ्यांचीच बोटं ओली. शेवटी वॉचमन स्वतःचं बोट लावून प्रत्येकाला आत सोडू लागला. महिनाअखेरीस यादी काढली तर वॉचमन एकाच दिवशी चाळीसदा कामावर आलेला!

रायबंदरचो_भुरगो · १०.४४

पात्रांव, त्या वॉचमनाला ओव्हरटाईम दिला की नाही?

बांदोडेकर · १०.५०

५०२ च्या आजोबांचा निषेध. उंडे (गोल पाव) नाकारणाऱ्याला गोंयकार म्हणायचं का?

कासावली_लोकल · १०.५८

उंडे ठीक आहेत, पण खरी मजा पोळीत. आमच्याकडचा पोदेर अजून लाकडावरच्या भट्टीतली आणतो, वर कोंडा भुरभुरवलेली.

संचालक · ११.०२

पावावर वेगळा धागा आहे, तिकडे या. इथे गेटपाशीच थांबू.

दोनापावलची_डायरी · मंगळवार, सकाळी ८.१५

विषय निघालाच आहे तर आमची फजिती सांगते.

पार्किंगमधून सायकल गेली. मुलाची, गिअरवाली, वाढदिवसाला घेतलेली. आमच्याकडे कार्डाची नोंद होती आणि कॅमेरेही होते, म्हणून मी निर्धास्त. नोंदीत दिसलं की रात्री ११.२० ला तळमजल्याचं दार एका कार्डाने उघडलं. कॅमेऱ्यात ११.२० ला बघावं तर कुणीच नाही, एक मांजर. तीन दिवस त्या मांजरावर घालवले. मग माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं की चित्रात कोपऱ्यातल्या घड्याळात ११.२० असताना शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर साडेदहाच्या बातम्या सुरू होताना दिसतायत. कॅमेऱ्याचं घड्याळ चक्क पन्नास मिनिटं पुढे होतं! वीज गेली की ते मनाला येईल तसं चालायचं. आमच्या भागात पावसात वीज किती वेळा जाते ते सांगायला नको.

पन्नास मिनिटं पुढचं चित्र काढलं तेव्हा माणूस सापडला. कार्ड होतं दोन महिन्यांपूर्वी फ्लॅट सोडून गेलेल्या भाडेकरूचं. ते त्याने कुणाला तरी देऊन टाकलेलं. सायकल काही मिळाली नाही.

मांडवीपलीकडे · मंगळवार, दुपारी १.३०

माझं रोजचं काम नेटवर्कचं, पणजीत. @दोनापावलची_डायरी, तुमच्या सायकलीत सेक्रेटरीसाहेबांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. तुमच्याकडे दार होतं, कॅमेरा होता, पण दोघांची ओळख नव्हती. घड्याळ वेगळं आणि माणसांची यादीही वेगळी. भाडेकरू गेला हे सोसायटीच्या वहीत लिहिलं गेलं, कार्डाच्या यंत्राला कुणी कळवलंच नाही.

'एकत्र करणं' म्हणजे काय हे विकणारा एक सांगतो आणि मी दुसरं सांगेन. तो सगळं एका तारेवर आणि एका पडद्यावर आणतो. माझ्या मते एकत्र आणायच्या त्या दोनच गोष्टी: माणसांची यादी आणि वेळ. भाडेकरू गेला की त्याचं कार्ड, त्याचं ॲप, त्याचा वायफाय पासवर्ड, त्याच्या गाडीचा नंबर, सगळं एकाच दिवशी, एकाच माणसाच्या हातून बंद व्हावं. आणि सगळी यंत्रं एकाच ठिकाणाहून वेळ घेणारी असावीत. एनटीपी म्हणतात त्याला, फुकट आहे, नुसता पत्ता भरायचा असतो.

तारा मात्र वेगळ्या. कॅमेऱ्यांचं नेटवर्क निराळं, दारांचं निराळं, रहिवाशांच्या वायफायचं तर पूर्ण निराळं. याचं कारण २०१६ मध्ये जगाने बघितलंय. मिराई नावाच्या किड्याने लाखो घरगुती कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यासाठी काही अफाट बुद्धी लागली नाही. कारखान्यातून आलेल्या नावा-पासवर्डांच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या, त्याच तो प्रत्येक दारावर लावून बघायचा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात त्याच कॅमेऱ्यांच्या फौजेने साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससकट मोठमोठ्या साइट तासन्‌तास बंद पडल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताच नव्हता, त्यांच्या पडद्यावर आपलं अंगण नीट दिसत होतं.

सेक्रेटरीसाहेब, तुमच्या रेकॉर्डरचा पासवर्ड काय आहे? इथे लिहू नका. पण तो एडमिन आणि एक-दोन-तीन-चार असेल तर नवं काही विकत घेण्याआधी आज रात्री बदला.

सुकूरचा_सेक्रेटरी · १.४२

बदलला. (एक ते सहापर्यंत होता. आम्ही तितकेही साधे नाही.)

खाजनबांध · मंगळवार, ४.१०

एवढा सगळा खटाटोप कशाला? आमच्या वाड्यावर दोन कुत्रे आणि समोरच्या घरातली म्हातारी बाय. कोण आला, किती वाजता आला, कुणाचा जावई, सगळी नोंद तोंडपाठ. पासवर्ड नाही, वीज गेली तरी चालू. तुम्ही लोक यंत्रावर भरवसा टाकून शेजाऱ्याचा चेहरा विसरलात, रोग तिथे आहे.

म्हापसेकरीण · ४.२५

@खाजनबांध, ती बाय रोज किती गावगप्पा करते त्याचाही हिशेब ठेवा. आमच्या घरात कोण आलं ते बाजारात मला कळतं.

पण मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. ज्या इमारतीत निम्मे फ्लॅट बंद आणि उरलेल्यांत दर आठवड्याला नवे लोक, तिथे चेहरा ओळखणार कोण?

कळंगुटचा_मेंटेनन्सवाला · मंगळवार, रात्री ११.२०

ड्युटीवरून आत्ता आलो. हॉटेलात अठरा वर्षं आहे, एसी, पंप, लिफ्ट, दिवे, सगळं बघतो.

@मांडवीपलीकडे बरोबर बोलले. आमच्याकडे जी यंत्रं एकमेकांशी बोलतात ती बहुतेक बॅकनेट या भाषेत. भाषा १९९५ ची. त्या काळी सगळी यंत्रं तळघरातल्या एका खोलीत, बाहेरचा कुणी तिथे येणारच नाही असं गृहीत. म्हणून "तू खरंच तोच का?" असं एकमेकांना पडताळून बघायची पद्धत वापरात नव्हतीच. आता सुरक्षित आवृत्ती निघालीय, पण चिलर (एसीचं पाणी थंड करणारं यंत्र) पंचवीस वर्षांचा आणि त्याच्यामागे इंटरनेट कालचं, अशी आमची गत.

माझ्या आधीच्या नोकरीच्या ठिकाणी (नाव घेत नाही) एसीच्या कॉम्प्युटरला ठेकेदार घरबसल्या जोडायचा. सोयीचं होतं, रविवारी यायला नको. त्याचा पासवर्ड पिवळ्या कागदावर पडद्याला चिकटवलेला. ठेकेदार बदलला, कागद तसाच. नव्याने तोच वापरला. जुन्याकडेही होताच. एका रात्री अकराव्या महिन्यात बँक्वेट हॉलचा एसी कुणीतरी बंद केला, आत लग्न! नवरदेवाच्या कोटातून घाम ठिबकत होता आणि मी खाली बटणं दाबत होतो. कुणी केलं ते कधीच सिद्ध झालं नाही. नोंद होती, पण सगळे एकाच नावाने आत शिरायचे.

हसण्यावारी नेऊ नका. २०१३ साली अमेरिकेत टार्गेट दुकानांतून ४ कोटी लोकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली, ती शीतकरणाचं काम करणाऱ्या ठेकेदाराच्या पासवर्डावरून आत शिरून. चोर तिजोरीपाशी गेलेच नाहीत, फ्रीजवाल्याचं नाव सांगून आत आले.

आणि @विजेरी, तुमचं ते मायफेअर क्लासिक. मार्च २०२४ मध्ये संशोधकांनी जाहीर केलं की सॅफ्लॉक या हॉटेलच्या कुलपांची किल्ली बनवता येते, जगभरात ३० लाखांहून जास्त दारं. हॉटेलातलं कुठलंही एक जुनं कार्ड हाती लागलं तरी पुरे. दुरुस्ती निघाली, पण प्रत्येक दारापाशी माणसाने जाऊन कुलपाचा प्रोग्रॅम बदलायचा. दोनशे खोल्यांचं हॉटेल आणि पाहुणे आत झोपलेले. करा विचार.

विजेरी · ११.४१

पिवळा कागद! आमच्याकडे मार्कर पेनने थेट पॅनेलच्या दारावर लिहिलेला असतो.

निवृत्त_बंबवाला · बुधवार, सकाळी ७.०५

पोरांनो, चोराची चिंता सगळ्यांनी केली. आगीचं कुणी बोललंच नाही, म्हणून लिहितो.

लॉबीच्या दाराला वर ते चुंबकाचं कुलूप असतं, सहाशे पौंडांचं म्हणतात. म्हणजे पावणेतीनशे किलोचा जोर. वीज आहे तोवर ते धरून ठेवतं, वीज तुटली की सोडतं. माणसं बाहेर पडण्याच्या वाटेवर असंच कुलूप हवं. पण मग सोसायटीवाले म्हणतात, वीज गेली की दार उघडं पडतं, म्हणून त्याला मोठी बॅटरी लावा. लावली. आता आग लागली, मेन स्विच पाडला, धूर भरला आणि दार बॅटरीवर घट्ट बसलेलं. आतला माणूस धुरात ते हिरवं बटण शोधणार?

म्हणून कंपनीवाल्याला एकच विचारायचं: आगीच्या पॅनेलमधून कुलपाची वीज (बॅटरीसकट) थेट तारेने तुटते का? "हो, सॉफ्टवेअरमधून तुटते" असं म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सर्व्हर बंद, वायफाय बंद, तरी दार सुटलं पाहिजे. शिवाय दाराशेजारी काच फोडून वीज तोडायची पेटी.

डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबात आगीत २५ माणसं गेली. बाहेर पडायची वाट हा तिथेही मुद्दा होता. मी नोकरीत असताना पाहिलेल्या आगींबद्दल इथे लिहिणार नाही. दार ढकललं आणि उघडलं नाही, एवढंच सांगतो.

बांदोडेकर · ७.३०

काका, यावर विनोद करायचा नाही. धन्यवाद.

मडगावचे_वकील · बुधवार, दुपारी १२.२०

दोन गोष्टी कायद्याच्या.

सायकल असो वा एसी, चित्रीकरण न्यायालयात चालवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ ब विसरा, १ जुलै २०२४ पासून हे लागू आहे. त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलचा आकडी ठसा) नोंदवायचं असतं, म्हणजे नंतर चित्रात फेरफार झाला की लगेच कळतं. सेक्रेटरीने मोबाईलने पडद्याचं शूटिंग काढून व्हॉट्सॲपवर पाठवलेलं चित्र घेऊन अशील येतात, तेव्हा मी फक्त पंखा वाढवतो. पन्नास मिनिटं चुकलेलं घड्याळ तर समोरच्या वकिलाला दिवाळीभेट.

दुसरं, चेहरे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आले, मुख्य तरतुदींना अठरा महिन्यांची मुदत आहे. कामाच्या बाईचा, ड्रायव्हरचा, भाडेकरूच्या मुलाचा चेहरा साठवणार, तर कशासाठी, किती दिवस आणि ती माणसं गेल्यावर पुसणार कोण, हे आधी कागदावर ठरवा. संमती मोकळेपणाने दिलेली हवी. चेहरा दिला नाहीस तर उद्यापासून कामावर येऊ नकोस, याला मी तरी संमती म्हणणार नाही.

मांडवीपलीकडे · १२.४५

वकीलसाहेबांच्या बोलण्याला जोडून: चेहरा आणि पासवर्ड यांत एक फरक आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. चेहरा फुटला तर?

रायबंदरचो_भुरगो · १२.४७

दाढी.

मांडवीपलीकडे · १२.५५

😄 बरं, नवे कॅमेरे घेताना एक बघा. एप्रिल २०२५ पासून देशात विकायच्या सीसीटीव्हींना सुरक्षेची तपासणी सक्तीची झालीय, एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या तपासणी संस्थेच्या निकषांनुसार. कोटेशनमध्ये मॉडेलचा नंबर लिहून घ्या आणि त्याच मॉडेलचा दाखला मागा. "आमच्या कंपनीला दाखला आहे" यावर जाऊ नका.

कासावली_लोकल · बुधवार, ३.००

एक बाळबोध प्रश्न. ही यादी-बिदी ठीक आहे, पण ती सांभाळणार कोण? सेक्रेटरी दर वर्षी बदलतो. आमच्याकडे तर कुणी व्हायलाच तयार नसतं, मागच्या सभेला जो गैरहजर होता त्यालाच केला.

सुकूरचा_सेक्रेटरी · ३.०४

@कासावली_लोकल, मी कसा सेक्रेटरी झालो ते तुम्हाला कुणी सांगितलं?

सुकूरचा_सेक्रेटरी · पाच आठवड्यांनंतर, रविवार, सायंकाळी ६.४०

मंडळी, धागा वर काढतोय. काही झालं, काही अडलं.

विजेरींचं वाचून लॉबीच्या तिन्ही डब्या उघडल्या. दोन ठिकाणी अगदी तसंच. एकीत मुंग्यांऐवजी पालीची अंडी. कंट्रोलर आता आत, मीटरच्या खोलीत हलवले. पेटीला साधं लोखंडी कुलूप लावलं आहे, किल्ली माझ्याकडे आणि खजिनदाराकडे.

कंपनीच्या माणसाला बंबवाल्या काकांचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, क्लाउडमधून होतं." चहा पाजला. दुसऱ्याने तार ओढून दिली. काल शनिवारी सकाळी आगीचा भोंगा मुद्दाम वाजवून बघितला. ए आणि बी इमारतीची दारं टक् करून सुटली. सी चं नाही सुटलं. बॅटरीची वेगळी तार कुणीतरी पूर्वी थेट कुलपाला जोडली होती, कुठल्याच नकाशात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू खाली येऊन दार ढकलत उभ्या होत्या, तो चेहरा काही डोळ्यांसमोरून जात नाही. ती तार आता काढली.

यादी केली. ७२ फ्लॅट आणि चालू कार्डं निघाली २११! तीन तर आधीच्या आधीच्या वॉचमनांच्या नावावर, एक 'टेस्ट' नावाचं, आणि चौदा कुणाचीच नाहीत. सगळी बंद केली. दोन दिवसांत सात जण ओरडत आले, म्हणजे सातांची होती. उरलेल्या सातांचं कोण ते अजून कळलं नाही.

दिवसाच्या भाड्यावाल्यांना कार्ड देत नाही. मुक्कामापुरता चालणारा आकडा देतो, निघायच्या दिवशी अकराला तो आपोआप मरतो. मालक कुरकुरले, मग त्यांनाच सोयीचं वाटू लागलं.

चेहऱ्याचं यंत्र सभेत नामंजूर, ४१ विरुद्ध ९. टाकीची पातळी आणि लिफ्ट आत्ता ॲपवर घेतलेली नाही. यादी सांभाळायला कोण, हा प्रश्न मात्र तसाच आहे. आत्ता मी करतो, महिन्याच्या पहिल्या रविवारी, दोन तास जातात. माझी मुदत मार्चमध्ये संपते. कुणाच्या सोसायटीत हे काम पगारी माणसाकडे दिलंय का? किती देता, आणि त्याच्यावर नजर कोण ठेवतं?

म्हापसेकरीण · ६.५८

आमच्याकडे मॅनेजर आहे, तीन सोसायट्या मिळून एक. तिला काय देतो ते निरोपातून कळवते. दर महिन्याला ती यादी छापून जिन्याखालच्या फळ्यावर लावते, नावं नाहीत, फक्त फ्लॅट नंबर आणि कार्डं किती. नजर आम्हीच ठेवतो, ३०४ कडे सहा कार्डं कशी, हे विचारायला लोकांना फार आवडतं.

आणि पोदेराचं काय केलंत?

सुकूरचा_सेक्रेटरी · ७.०३

सहा ते साडेसात चालणारं कार्ड दिलंय, फक्त मुख्य गेटचं. त्याने ते सायकलच्या टोपलीला आतून बांधून टाकलंय. टोपलीच वाचकाला टेकवतो.

विजेरी · ७.१०

टोपली ओली असते. महिन्याभरात वाचक गंजेल, आत्ताच वर प्लास्टिकचं टोपण बसवून घ्या.